उंदीर, वात आणि आपली गाडी : चिपळूणच्या पत्रातला दुर्लक्षित भाग

#धागा #इतिहास_आणि_आपण

१/
वेंगुर्ले बंदरावर रविवारी सकाळी उभ्या असलेल्या गाड्यांकडे एकवार पाहावे. कुणाच्या मागच्या काचेवर राजमुद्रा, कुणाच्या बॉनेटवर भगवा, कुणाच्या डॅशबोर्डवर महाराजांची छोटी मूर्ती. यांतल्या कित्येक गाड्या यशवंतगड, निवती, सिंधुदुर्ग पाहून आलेल्या किंवा तिकडे निघालेल्या असतात. ही आपलीच मंडळी आहेत. या धाग्याचे वाचकही बहुधा तेच.

२/
गेल्या महिन्यात अशाच काही मित्रांना मी एक साधा प्रश्न विचारला. गाडीत अग्निशामक, म्हणजे आपण ज्याला फायर एक्स्टिंग्विशर म्हणतो तो लाल सिलिंडर, आहे का? एकाने 'आहे' म्हटले. तो शोधायला डिकी उघडली, बॅगा काढल्या, तंबू काढला, पाण्याचा कॅन काढला. स्टेपनीच्या खळग्यात, जुन्या फडक्यात गुंडाळलेला सिलिंडर सापडला. काटा शून्यावर होता. बाकीच्यांकडे तोही नव्हता.

३/
या धाग्यात माझे म्हणणे एवढेच आहे : शिवकालाचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाच्या गाडीत, हाताच्या अंतरावर, चालू स्थितीतला अग्निशामक असलाच पाहिजे. त्याला फार पैसे लागत नाहीत. जे लागते ते म्हणजे लक्ष. आणि हे मी आजच्या सुरक्षा-पत्रकाच्या आधारे सांगत नाही, १६७३ च्या एका पत्राच्या आधारे सांगतो.

४/
ते पत्र तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. मे १६७३, चिपळूणजवळची छावणी. पावसाळ्यापूर्वी घोडदळ तेथे मुक्कामाला आलेले. महाराज जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहितात. रयतेला जराही त्रास देऊ नये, ही त्या पत्राची आज सर्वतोमुखी असलेली ओळख. शिवजयंतीच्या प्रत्येक भाषणात ती येते आणि ती यावीच.

५/
पण पत्र तेथे संपत नाही. त्याचा दुसरा मोठा भाग आगीविषयी आहे, आणि तो व्यासपीठावर क्वचितच वाचला जातो. त्याचा आशय असा : कुणी जागा न पाहता चुली मांडतील, कुणी गवत पडले आहे की वारा सुटला आहे हे न बघता चिलमीसाठी विस्तव नेतील. ठिणगी उडेल. एक खण पेटला की सगळेच पेटतील, आणि जमवलेली वैरण राख होईल.

६/
मग एक तपशील येतो, जो वाचताना अंगावर काटा येतो. रात्री दिवा तसाच जळता ठेवाल, तर उंदीर पेटती वात उचलून नेईल. दिवे विझवूनच झोपावे. राज्याभिषेकाला जेमतेम वर्ष उरलेले असताना एक राजा छावणीतल्या उंदराचा विचार करतो आहे.

७/
या पत्रातला युक्तिवाद नीट पाहावा. आग लागल्यावर कसे लढावे हे तेथे मुख्य नाही. आगीचे कारण आणि आगीचे खाद्य शेजारी येऊ देऊ नका, हे मुख्य आहे. आणि त्यासाठी अधिकाऱ्यांनी स्वतः सतत फिरत राहून पाहावे, ही ताकीद आहे. नुकसान झाल्यावर कुणाला कितीही शिक्षा केली तरी गेलेले गवत परत येत नाही, हा त्यामागचा रोकडा विचार.

८/
हीच दृष्टी पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही दिसते. गडावरचा दारूखाना राहत्या घराजवळ नसावा, घराच्या वाऱ्याखाली नसावा, असे तेथे सांगितले आहे. जागा आणि वारा, दोन्हींचा हिशेब. मराठी राज्यव्यवहारात अग्निसुरक्षा ही शेवटी जोडलेली टीप नव्हती. ती बांधणीचाच भाग होती.

९/
आता वेंगुर्ल्याकडे येऊ. आगीची आठवण या गावाला नवी नाही. सतराव्या शतकात येथे डचांची वखार होती. तिचे अवशेष आजही उभे आहेत. गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना रसद येथून मिळे. १६६४ मध्ये बंडाळीच्या प्रकरणात शिवाजी महाराजांच्या फौजेकडून आणि १६७५ मध्ये मोगलांकडून वेंगुर्ले जाळले गेल्याची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियर देते. अकरा वर्षांत दोनदा.

१०/
समुद्रात, बंदरापासून काही मैलांवर, खडकाळ बेटांचा पुंजका आहे. आपण त्याला वेंगुर्ले रॉक्स म्हणतो. इंग्रजांच्या जुन्या सागरी नकाशांवर याच बेटांना 'बर्न्ट आयलंड्स', म्हणजे जळकी बेटे, असेही नाव आढळते. गावाच्या इतिहासात आग आहे आणि समोरच्या बेटांच्या एका नावातही.

११/
१८१२ मध्ये सावंतवाडी संस्थानाने वेंगुर्ले इंग्रजांना दिले. त्यानंतर अवघ्या वर्षभराने, १८१३ मध्ये, हजारो मैलांवर एडिंबरो शहरात एका लष्करी अधिकाऱ्याने एक आग पाहिली. त्याचे नाव जॉर्ज विल्यम मॅन्बी. पाणी मारणारे यंत्र होते, माणसे होती. पण वरच्या मजल्यांपर्यंत पाणी पोचेना. मोठे साधन दाराशी उभे आणि आग वर फोफावते आहे, हे दृश्य त्याच्या मनातून गेले नाही.

१२/
मॅन्बीने तांब्याचे एक पात्र तयार केले. सुमारे तीन गॅलन पाण्यात पर्ल-ॲश नावाचा क्षार विरघळवलेला, आणि वर दाबाखाली भरलेली हवा. तोटी उघडली की द्रावणाचा झोत बाहेर. एका माणसाने उचलून न्यावे असे साधन. आजचा आपला लाल सिलिंडर हा त्या कल्पनेचा थेट वंशज : औषध, दाब आणि तोटी.

१३/
पुढे १८६६ मध्ये फ्रान्समध्ये कार्लिये याने सोडा आणि आम्ल यांच्या संयोगातून वायू निर्माण करून त्याच्या दाबाने पाणी फेकणारा अग्निशामक बनवला. जुन्या कचेऱ्यांत आणि चित्रपटगृहांत भिंतीला टांगलेले शंकूच्या आकाराचे लाल नळकांडे काहींनी पाहिले असेल. ते याच कुळातले. इमारतीला ते ठीक होते. मोटार आली आणि गणित बदलले.

१४/
कारण पेट्रोल पाण्यावर तरंगते. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतले तर आग विझत नाही, वाहत जाऊन पसरते. म्हणून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मोटारींसाठी पितळेचा छोटा हातपंप बाजारात आला. 'पायरीन' हे त्याचे गाजलेले नाव. आत कार्बन टेट्राक्लोराइड हा द्रव. आटोपशीर, देखणा, गाडीत सहज बसणारा. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनांत तो आजही चमकताना दिसतो.

१५/
मात्र त्या द्रवाची वाफ स्वतःच विषारी, आणि तापल्यावर त्यातून फॉस्जीन निर्माण होऊ शके. पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरलेला वायू तोच. बंद गाडीत आग विझवायला जावे आणि श्वासातून विष घ्यावे, असा तो उपाय होता. पुढे हॅलॉन आला. तो प्रभावी होता, पण ओझोन थराला घातक ठरला आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर त्याची माघार सुरू झाली.

१६/
या प्रवासातून एक शहाणपण घ्यावे. हातात मावते आणि दिसायला सुबक आहे, एवढ्यावर अग्निशामक निवडू नये. आत काय आहे आणि ते कोणत्या आगीवर चालते, हे आधी पाहावे. आज गाडीसाठी याचे सोपे, स्वस्त उत्तर आहे : एबीसी प्रकारची कोरडी पूड. तिच्यातील मुख्य घटक मोनो-अमोनियम फॉस्फेट. कापड, फोम, रबर यांसारखे घन पदार्थ, पेट्रोल-डिझेलसारखे द्रव आणि जळते वायू, या तिन्ही वर्गांतल्या आगींवर ती चालते. गाडीत हे तिन्ही एकत्र नांदतात.

१७/
येथे कुणी विचारेल : गाड्या रोज थोड्याच पेटतात? खरे आहे, आपल्या वाट्याला ही वेळ बहुधा कधीच येणार नाही. पण चिपळूणची छावणीही रोज पेटत नव्हती. महाराजांनी पत्र लिहिले ते आग लागल्यावर नव्हे. त्यांनी छावणी पाहिली. गवत, चूल, चिलीम, दिवा आणि उंदीर एकाच आवारात आहेत हे पाहिले, आणि लिहिले.

१८/
तीच नजर आपल्या गाडीवर टाकावी. बॉनेटखाली तापलेले इंजिन, इंधनाच्या नळ्या, तेल, बॅटरी आणि वायरींचे जाळे. कोकणात यात आणखी भर पडते. आंब्याखाली, काजूखाली उभ्या केलेल्या गाडीत समोरच्या काचेच्या खालच्या जाळीतून सुकी पाने आत उतरतात. ती कुणी काढत नाही. हे आपण स्वतः जमवलेले गवत.

१९/
आणि उंदीर? तोही आहेच. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरले की उबेसाठी तो इंजिनाशी येतो. मागच्या श्रावणात माझ्या गाडीचा दिवा लागेनासा झाला म्हणून मी ती ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी बॉनेट उघडले, एक वायर बोटावर घेतली आणि म्हणाले, "बघा, उंदरान वायर कुरतडल्यान. आणखी चार दिस अशीच फिरवलात असतात, तर पेटली असती." उघडी पडलेली तांब्याची तार आणि तिच्याखाली सुक्या पानांचा थर.

२०/
मी घरी येऊन ते पत्र पुन्हा काढले. साडेतीनशे वर्षांत वातीची जागा वायरीने घेतली, गवताची जागा पानांनी आणि प्लास्टिकने. उंदीर तोच राहिला. त्या दिवशी मी अग्निशामक विकत घेतला. तोवर मीही, या धाग्याच्या सुरुवातीला उल्लेखिलेल्या मित्रांप्रमाणेच, राजमुद्रा लावून निर्धास्त होतो.

२१/
दुर्गप्रेमींसाठी आणखी एक धोका. फाल्गुन-चैत्रात कोकणातले सडे वाळक्या गवताने पिवळे होतात. कुडोपीसारखी कातळशिल्पे पाहायला आपण जातो आणि गाडी सरळ सड्यावर, गुडघाभर गवतात उभी करतो. लांबून आलेल्या गाडीचा धूर सोडणारा पाइप आणि त्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भयंकर तापलेला असतो. त्याला वाळके गवत टेकले तर पेटू शकते. गाडी जाईल, सडा जाईल, आणि ज्याच्या शेजारी आपण श्रद्धेने अनवाणी उभे राहिलो ते शिल्पही धुरात काळवंडेल. गाडी उघड्या कातळावर किंवा रस्त्यावरच उभी करावी.

२२/
दुसरा आक्षेप : आग लागली तर बंब येईलच की. येईल. पण तो कुठे येईल, याचा विचार करावा. वेंगुर्ल्याहून बेळगावकडे जाणारा रस्ता आंबोली घाट चढतो. बंदराचा माल आणि बेळगावच्या छावणीची वाहतूक याच वाटेने होई, म्हणून इंग्रजांनी ही वाट महत्त्वाची मानली. आज त्याच घाटात, धुक्यात, फोनला रेंज नसताना बॉनेटमधून धूर आला, तर बंब कितीही तत्पर असो, पहिली दोन मिनिटे तुमची एकट्याची असतात.

२३/
पहिल्या मिनिटांची किंमत महाराष्ट्राने फार जबर मोजली आहे. १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर कापसाच्या गाठी आणि सुमारे चौदाशे टन स्फोटके एकत्र भरलेली. पुन्हा तेच : ठिणगी आणि गवत शेजारी. दुपारी दीड-दोनच्या सुमारास धूर दिसला. पंप आले, जवान आले, शेकडो टन पाणी ओतले गेले. पण आगीचे मूळ खाली गाठींत दडलेले, तेथवर पाणी पोचेना. चार वाजून गेल्यावर पहिला प्रचंड स्फोट झाला, आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा.

२४/
शेकडो माणसे गेली. त्यांत सहासष्ट अग्निशमन जवान होते; त्यांच्या स्मृतीसाठी १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. साधनांची वाण नव्हती, शौर्याची तर नव्हतीच. आग लहान असताना तिच्या मुळाशी पोचता आले नाही. मॅन्बीने एडिंबरोला पाहिले तेच, हजारपट भीषण रूपात.

२५/
म्हणून आता व्यवहाराचे बोलू. खर्च किती? आजच्या बाजारभावाने एक किलोचा एबीसी पुडीचा सिलिंडर साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो. एका गडवारीच्या इंधनापेक्षा कमी. घेताना सिलिंडरवर आयएसआय चिन्ह आणि 'आयएस १५६८३' हा मानक क्रमांक पाहावा, भरल्याची तारीख पाहावी, आणि दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, ते पाहावे. काटाच नसलेला, परफ्यूमच्या बाटलीसारखा स्वस्त फवारा दोनशे रुपये वाचवतो आणि नेमक्या वेळी फसवू शकतो. बचत करायची तर दुसरीकडे करावी.

२६/
बचत कुठे करता येते? बसवण्यात. महागड्या शोभेच्या स्टँडची गरज नाही. सिलिंडरसोबत बहुधा लोखंडी क्लॅम्प मिळतो. चालकाशेजारच्या सीटच्या पुढच्या कडेखाली, सीटचे जे मूळ नटबोल्ट असतात त्यांनाच एक पट्टी अडकवून त्यावर क्लॅम्प बसवता येतो. कोणताही गॅरेजवाला हे अर्ध्या तासात करून देतो. गाडीच्या तळाला स्वतः ड्रिलने भोक पाडू नये. खालून इंधनाची नळी, वायरी आणि विजेवरच्या गाडीत तर थेट बॅटरी असते.

२७/
जागा ठरवताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली : बसल्या जागेवरून हात पोचला पाहिजे. अपघातात डिकी उघडेलच असे नाही. दुसरी : सिलिंडर पक्का हवा. सुटा ठेवला तर तो घरंगळत ब्रेकच्या पायपट्टीखाली जाऊ शकतो, आणि जोराच्या धडकेत दोन किलोचा गोळा होऊन प्रवाशांवर आदळू शकतो. तिसरी : थेट उन्हात नको. एप्रिलमध्ये बंद गाडीचा डॅशबोर्ड भट्टी होतो. सिलिंडरवर छापलेली तापमानमर्यादा वाचावी आणि तो खाली, सावलीत ठेवावा. दारूखान्याला जागा निवडताना याहून वेगळे काय पाहत होते?

२८/
नंतरची निगा फुकट आहे. महिन्यातून एकदा काटा पाहावा. गाडीच्या हादऱ्यांनी आतली पूड तळाशी घट्ट बसते. म्हणून सिलिंडर काढून, उलटा करून चांगला हलवावा. वर्षातून एकदा जाणकाराकडून तपासून घ्यावा. वेंगुर्ल्यासारख्या खाऱ्या हवेच्या गावात क्लॅम्पला आणि तोंडाशी गंज चढतो, तो पुसावा. त्याच वेळी बॉनेट उघडून पाने काढावीत, वायरी पाहाव्यात. जादा दिवे आणि भोंगे लावले असतील, तर योग्य फ्यूज आणि रिले आहेत ना, हे विचारावे. सतत फिरून पाहण्याची जी ताकीद पत्रात आहे, तिचे आजचे रूप हेच.

२९/
वेळ आलीच तर? गाडी कडेला, इंजिन बंद, सर्वांना बाहेर काढून किमान शंभर फूट दूर. मग ११२ वर फोन. हे झाल्यावरच अग्निशामक. बॉनेट पूर्ण उचलू नये; आत हवा शिरते आणि भडका उडतो. आतली कळ ओढून पडलेल्या फटीतून पूड मारावी. पाठीवर वारा घेऊन उभे राहावे; दुपारच्या आपल्या समुद्रवाऱ्यात हे विसरलात तर ज्वाळा तोंडावर येतील. पिन काढावी, रोख आगीच्या मुळाशी ठेवावा. एक किलोचा सिलिंडर साधारण आठ-दहा सेकंदांत रिता होतो. तेवढ्यात आग गेली तर गेली. नाही गेली, तर मागे वळावे आणि दूर जावे.

३०/
ही शेवटची ओळ तरुण मित्रांनी विशेष ध्यानात ठेवावी. ज्वाळा आत बसायच्या जागेत आल्या असतील, इंधनाची टाकी जवळ असेल, किंवा विजेवरच्या गाडीची बॅटरी पेटली असेल, तर एक किलो पुडीने काही साधत नाही. तेथे थांबणे पराक्रम नव्हे. गनीम भारी असता माघार घेऊन माणसे वाचवणे, हेही याच मातीने शिकवले आहे. अग्निशामक गाडी वाचवण्यासाठी आहे, आणि अडकलेल्या माणसाला बाहेर काढायला लागणारा अर्धा मिनिट मिळवण्यासाठी त्याहून जास्त.

३१/
कायद्याचे म्हणाल, तर सार्वजनिक प्रवासी वाहनांना अग्निशामक बाळगावा लागतो. खासगी मोटारीवर आपल्याकडे तशी सक्ती नाही. नवी गाडी घेताना धोक्याचा त्रिकोण मिळतो, प्रथमोपचार पेटी मिळते. त्यांच्या शेजारी हा सिलिंडरही यावा, आणि तो बसवण्याची जागा गाडी घडवतानाच ठेवलेली असावी, असे माझे मत आहे. लाखो रुपयांच्या वस्तूत हजार रुपये अधिक जाणे कुणाला जड नाही. तोवर सक्तीची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. जे पत्र आपण मानतो त्यात ताकीद आधीच दिलेली आहे.

३२/
काहींना हा धागा खटकेल. इतिहासाच्या पानावर गाडीचा सिलिंडर कशाला, असे ते म्हणतील. माझे उत्तर असे : चिपळूणचे पत्र हा सुविचार नाही. तो प्रशासकीय हुकूम आहे, कामाला लावण्यासाठी लिहिलेला. त्यातली रयतेविषयीची माया आणि उंदराविषयीची सावधगिरी एकाच मनातून आली आहेत. ज्याला माणसांची काळजी असते तो दिव्याची वात विझली की नाही हेही पाहतो. यातले एक उचलून दुसरे सोडणे, म्हणजे अर्धे पत्र फाडणे.

३३/
तेव्हा पुढच्या गडवारीपूर्वी एवढे करावे : बॉनेट उघडून पाने काढावीत, वायरींवर नजर फिरवावी, आणि चालकाशेजारच्या सीटखाली एक चालू अग्निशामक पक्का बसवावा. गटाने जात असाल, तर प्रत्येक गाडीत तो आहे ना, हे निघण्यापूर्वी विचारण्याचे काम एकाकडे द्यावे. छावणीत हे काम हवालदाराचे होते.

३४/
सुरुवातीला ज्याचा उल्लेख केला त्या मित्राने फडक्यातला सिलिंडर पुन्हा भरून आणला आहे. आता तो सीटखाली आहे. बसवताना गॅरेजमध्ये त्याने मला विचारले, "पण उंदीर खरेच वात नेतो का रे?" मी म्हटले, "बॉनेट उघड आणि बघ."

धागा समाप्त. आपल्या गाडीत अग्निशामक कुठे बसवला आहे, ते खाली जरूर लिहा. इतरांना जागा ठरवायला उपयोग होईल.